जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरांची घरगुती धुलाई व पारख

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे ऊन पाण्याने शेकून त्यांस हळद व तूप चोळतो. आणि हे करीत असता हात आपोआप खांद्याची परीक्षाही करीत असतो. कोठे गाठ आली आहे, कोठे कातडे सोलले आहे, हे त्याच वेळी कळते. ट्रॅक्टरच्या वाट्यास मात्र त्या दिवशी वरवरचे पाणी, हार व कुंकू एवढेच येते. त्याचा भार जे खरोखर वाहतात, त्या गिअर, शाफ्ट व बेअरिंगांकडे ती मोडेपर्यंत कोणी ढुंकूनही पाहात नाही. ह्या लेखात त्यांची धुलाई घरी कशी करावी व धुतल्यावर त्यांत काय पाहावे, हे आम्ही अनुभवास आले तसे सांगणार आहो.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो, म्हणजे ह्या विषयाची निकड वाचकांच्या ध्यानी येईल. आमच्या शेतावर एक जुना एच. एम. टी. ट्रॅक्टर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लचच्या कामाकरिता तो उघडला असता गिअरपेटीतील काही गिअरही बाहेर निघाले. सर्वांवर काळ्या किटणाचा जाड थर होता. मिस्त्री म्हणाले, 'दादा, एक दिवस द्या, हे धुऊन पाहू.' आम्ही तेव्हा नोकरीत होतो. रजा संपत आली होती. आम्ही म्हणालो, 'दाते सगळे शाबूत आहेत, बसवून टाका.' जूनअखेर पाऊस झाला, वापसा आला, सोयाबीनची पेरणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी पेटीत मोठा आवाज होऊन ट्रॅक्टर जागीच थांबला. एका गिअरचा दाता तुटून शेजारच्या गिअरात अडकला होता व त्याने त्याचेही दाते झोडून काढले होते. तुटलेल्या दात्याचा तुकडा आम्ही पुसून पाहिला. तुटीचा निम्मा भाग काळा व गुळगुळीत, निम्मा चकचकीत व रवाळ. म्हणजे निम्मी भेग जुनीच होती. तेल तिच्यात मुरून काळे झाले होते, आणि उरलेले लोखंड त्या दिवशी तुटले. उन्हाळ्यात तो गिअर धुतला असता तर ती भेग बहुधा दिसली असती. गिअर मिळण्यास पाच दिवस लागले, तोवर वापसा गेला. मिस्त्रींचा त्यात काहीच दोष नव्हता; दोष आमच्या घाईचा.

धुण्याचा लाभ काय

आमच्या जालन्यात मोडीचे लोखंड वितळवून सळया करणारे कारखाने पुष्कळ आहेत. जुन्या यंत्राचा भाग 'खराब' ठरला की तो वजनावर विकला जातो व भट्टीत जाऊन सळई होतो. वास्तविक गिअरचे पोलाद हे निवडक मिश्रधातूचे असून त्याच्या पृष्ठभागास उष्णतेच्या क्रियेने विशेष कठीणपणा आणलेला असतो. असा गिअर केवळ गंजलेला व किटणाने माखलेला आहे म्हणून किलोच्या भावाने देणे, हे जातिवंत बैल दुबळा दिसतो म्हणून खाटकास देण्यासारखे आहे. उलट, भेगाळलेला गिअर केवळ काळा थर झाकतो म्हणून परत बसविणे हे त्याहून घातक. दोन्ही चुका धुतल्याने टळतात.

जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एच. एम. टी. ने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर नमुन्यावर ट्रॅक्टर बांधण्यास आरंभ केला. पिंजोरचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्याचे ट्रॅक्टर अद्याप अनेक शिवारांत चालतात, परंतु मूळ कारखान्याचा नवा भाग आता मिळणार नाही. अशा यंत्राचा प्रत्येक चांगला भाग जपून ठेवणे हे धन्याच्याच हाती आहे.

कोणते काम घरी करावे

पेटी उघडणे, क्राउन व पिनियनची बैठक जुळविणे, बेअरिंगांचा ताण ठरविणे ही कामे माहितगार मिस्त्रीचीच होत. त्यांत पातळ पत्र्याच्या चकत्यांचे, ज्यांस शिम म्हणतात त्यांचे, माप केसभर चुकले तरी नवे दाते थोड्या तासांत खराब होतात. परंतु निघालेले भाग घमेल्यात घालून घरी आणणे, ते धुणे, वाळविणे, पाहणे व नोंद करून परत नेणे, हे काम कोणाही शेतकऱ्यास साधते. मिस्त्रीची मजुरी वाचते हा लाभ लहान. आपल्या यंत्राची प्रकृती आपणांस कळते हा मोठा.

आधी पंचनामा

महसुलाच्या कचेरीत आमचे आयुष्य गेले. तेथे शिकलेली एक गोष्ट येथे फार उपयोगी पडली. कोणतीही वस्तू जागची हलविण्यापूर्वी तिचा पंचनामा करावा. भाग निघत असता एका वहीत अनुक्रमांक घालून लिहावे: कोणता भाग, कोणत्या शाफ्टवर, कोणत्या बाजूस तोंड करून होता. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे; प्रत्येक टप्प्यावर एक छायाचित्र घ्यावे. एका शाफ्टवरील वायसर, शिम व लॉक तारेत त्याच क्रमाने ओवून गाठ मारावी. बेअरिंगाची बाहेरची कडी व आतला भाग ही जोडी असते. ती एकत्र बांधून ठेवावी, दुसऱ्या जोडीत मिसळू नये. दात्यांवर छिन्नीने खूण करू नये. तेथूनच भेग सुरू होते. पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधावी.

साहित्य

दोन पसरट पत्र्याची भांडी, तळापासून दोन बोटे वर राहील अशी लोखंडी जाळी, रॉकेल किंवा डिझेल, धुण्याचा सोडा, रंगाचे जुने केसाळ ब्रश, बांबूच्या चपट्या काड्या, धागे न सुटणाऱ्या सुती कापडाचे तुकडे, रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा, एवढे पुरे. रेशनवरचे रॉकेल पूर्वीसारखे मिळत नाही. तेव्हा डिझेल वापरण्यास हरकत नाही.

पेट्रोल मात्र ह्या कामी कदापि वापरू नये. पेट्रोलाची वाफ शून्याखाली ४० अंश इतक्या थंडीतही पेट घेण्याजोगी निघते. ती हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा पावलांवरच्या चुलीपर्यंत पोचते. रॉकेल व डिझेल ह्यांची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांपुढे पेटण्याजोगी होते म्हणून ती सुरक्षित मानतात. पण आपल्या जिल्ह्यात एप्रिल व मे महिन्यांत दुपारी सावलीतही पारा ४० च्या वर जातो, हे विसरू नये. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी, उघड्यावर, गोठा, कडब्याची गंज व चूल ह्यांपासून दूर करावे. जवळ बिडी ओढू नये व वाळूची एक बादली भरून ठेवावी.

धुण्याची रीत

१. प्रथम बांबूच्या काडीने जाड किटण खरवडून कागदावर घ्यावे. पोलादी पात्याने किंवा कानशीने खरवडू नये. गिअरच्या दात्यांचा कठीण थर अनेकदा सुमारे एक मिलिमीटरच असतो व त्यावर पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

२. पहिल्या भांड्यात जाळीवर भाग ठेवून ते बुडेल इतके डिझेल ओतावे व रात्रभर राहू द्यावे. जाळी ह्याकरिता की सुटलेली रेती व लोखंडाचा कीस तळाशी बसावा, भागास पुन्हा लागू नये. सकाळी ब्रशाने दात्यांच्या मुळापर्यंत घासावे.

३. दुसऱ्या भांड्यातील स्वच्छ डिझेलात तो भाग पुन्हा धुवावा. पहिल्या भांड्यातील गढूळ द्रवाने शेवटची धुलाई करणे म्हणजे चिखलात पाय धुण्यासारखे होय.

४. ओतीव लोखंडाचे व पोलादाचे मोठे भाग, ज्यांवर जळून घट्ट झालेले तेल असते, ते पुढे सोड्याच्या पाण्यात घालावे. १० लिटर ऊन पाण्यास अर्धा किलो धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे, पुरेसा होतो. तासाभराने घासून, स्वच्छ कढत पाण्याने खळबळून काढावे. कढत पाण्याने लोखंड तापते व आपोआप वाळते.

५. वाळताच, हात निवण्याची वाट न पाहता, त्यावर पातळ ऑईलाचा हात फिरवावा. स्वच्छ, उघडे लोखंड श्रावणातल्या दमट हवेत अर्ध्या तासात तांबूस होते.

कॉस्टिक सोडा कोणी सांगेल, तो घेऊ नये. तो कातडी व डोळे जाळतो आणि अॅल्युमिनियमास खातो. अॅल्युमिनियमची आवरणे धुण्याच्या सोड्यातही घालू नयेत. त्यांस डिझेल व नंतर साबणाचे कोमट पाणी पुरे. क्लचच्या पट्टीस तर रॉकेल, डिझेल वा तेल ह्यांपैकी कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. ते अस्तरात मुरते व क्लच घसरू लागतो. जुन्या क्लचची धूळ फुंकरीने वा हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, व ती धूळ फुप्फुसांत गेली असता वर्षांनंतर असाध्य रोग उद्भवतो. ती ओल्या चिंधीने टिपून घ्यावी.

बेअरिंगांची धुलाई निराळी आहे. ती केवळ स्वच्छ रॉकेलात किंवा डिझेलात, बुडवूनच, हाताने हळू फिरवीत धुवावी. गॅरेजात हवेच्या नळीने बेअरिंग भिरभिर फिरविण्याची पोरांना हौस असते. कोरडे बेअरिंग अशा वेगाने फिरले म्हणजे त्याच्या गोळ्यांवर चरे पडतात. क्वचित पिंजरा फुटून गोळ्या बंदुकीच्या छऱ्यांसारख्या उडतात. हा खेळ मुळीच होऊ देऊ नये.

गंज कसा काढावा

वर्षानुवर्षे परसात पडलेल्या सुट्या भागांवर गंज असतो. तो हलका असल्यास डिझेलात भिजवून काथ्याने घासल्यास निघतो. न निघाल्यास किराणा दुकानातील लिंबूसत्व एक लिटर कोमट पाण्यास ५० ग्रॅम घालून प्लास्टिकच्या बादलीत भाग बुडवावा व दर अर्ध्या तासाने काढून पाहावा. आपला जिल्हा मोसंबीचा असला तरी मोसंबीच्या रसात ह्या कामापुरता आंबटपणा नाही, हे आम्ही करून पाहिले आहे. गंज सुटताच भाग सोड्याच्या सौम्य पाण्यात बुडवून आम्ल मारावे, धुवावे, वाळवावे व ऑईल लावावे.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. बेअरिंग, स्प्रिंग व फार कठीण केलेले गिअर आम्लात ठेवू नयेत. आम्ल व लोखंड ह्यांच्या संयोगाने हायड्रोजन वायू उत्पन्न होतो; तो कठीण पोलादात शिरून त्यास ठिसूळ करतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा भाग भाराखाली काचेसारखा तडकतो. आम्ल हे आवरणे, झाकणे, पट्ट्या व बोल्ट असल्या साध्या भागांकरिताच राखावे.

धुतल्यानंतर काय पाहावे

आता मुख्य गोष्ट. भाग उन्हात धरून, शक्य तर भिंगाने, एकेक दाता पाहावा व वहीत त्यापुढे शेरा लिहावा.

दात्याच्या तोंडावर बारीक रेषा किंवा केवळ रंगाचा फरक असल्यास गिअर चांगला समजावा. सुईच्या टोकाएवढे मोजके खड्डे असल्यास बसवावा, परंतु पुढील उघडणीत पुन्हा पाहावा. खड्डे एकमेकांस मिळून पापुद्रे निघाले असल्यास टाकावा. दाते झिजून वर करवतीसारखे टोकदार झाले असल्यास, किंवा सरकत्या गिअरची कड गोल होऊन गिअर आपोआप सुटत असल्यास, तोही टाकावा. निळसर झाक दिसली तर तेलावाचून तो भाग तापला होता असे जाणावे. त्याचा कठीणपणा गेलेला असण्याचा संभव आहे. बेअरिंगाच्या वाटीस नखास लागेल असा खळगा असल्यास ते बदलावे. क्राउन व पिनियन ही जोडी घासूनच एकमेकांस जुळलेली असते. त्यांतील एक बदलल्यास दोन्ही बदलावी.

भेगेकरिता एक जुनी परीक्षा आहे. रेल्वेच्या कारखान्यांत आगगाडीचे आख पूर्वी ह्याच रीतीने तपासले जात. धुतलेला गिअर अर्धा तास रॉकेलात बुडवावा. मग काढून, कापड बदलून बदलून, पूर्ण कोरडा पुसावा. खडूची वस्त्रगाळ पूड स्पिरिटात कालवून तिचा पातळ हात दात्यांच्या मुळाशी द्यावा व वाळू द्यावा. लाकडी हातोडीने हलके ठोके मारावेत. भेग असल्यास तिच्यात मुरलेले रॉकेल पांढऱ्या खडूवर काळसर रेघ होऊन उमटते. अशी रेघ दिसली की पुढे विचार करू नये. तो गिअर मोडीत घालावा. वेल्डिंग करून तो वाचविण्याचा मोह धरू नये. त्या उष्णतेने आसपासचा कठीणपणा जातो व नव्या भेगा उत्पन्न होतात. ह्या परीक्षेत अगदी सूक्ष्म भेग निसटू शकते. महत्त्वाचा भाग असल्यास इंजिनकामाच्या मोठ्या कारखान्यात चुंबकाने तपासून घ्यावा.

बसविताना

ऑईल सील व पॅकिंग जुनी वापरू नयेत; चार पैसे वाचविण्याच्या नादात नव्या तेलाची गळती पत्करावी लागते. ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितले असेल तेच तेल घालावे. पुष्कळ जुन्या पेट्यांस ९० क्रमांकाचे गिअर ऑईल चालते. परंतु ज्यांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात त्यांस निराळे तेल लागते, दोन्हींची मिसळ करू नये. सुट्या ठेवावयाच्या भागांस ग्रीस लावून मेणकापडात गुंडाळावे. घरचे करडईचे किंवा जवसाचे तेल लावू नये. ही तेले हवेने वाळून त्यांचा चिकट पापुद्रा होतो, आणि त्यांत भिजलेल्या चिंध्या ढिगात राहिल्या तर आपोआप तापून पेटूही शकतात.

पेटी बसविल्यावर पहिले तेल लवकर बदलावे व काढलेले तेल पांढऱ्या ताटलीत पाहावे. त्यात लोखंडाची बारीक भुकटी थोडी असणे साहजिक आहे. चमकत्या चकत्या दिसल्यास मिस्त्रीस बोलवावे. तेल दुधासारखे झाल्यास आत पाणी शिरले असे समजावे.

घाण तेलाचे काय करावे

ह्या कामाचा शेवट बहुतेक ठिकाणी वाईट होतो: गढूळ डिझेल व जळके तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतून देतात. एक लिटर वापरलेले तेल दहा लाख लिटरपर्यंत पाणी बिघडवू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते. २०१२-१३ च्या अवर्षणात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळलेल्या ज्यांनी पाहिल्या, टँकरच्या रांगेत जे उभे राहिले, त्यांस पाण्याचे मोल आम्ही सांगावे असे नाही. जळके तेल वाळवीकरिता झाडांच्या बुंध्याशी ओतणे किंवा जनावरांच्या जखमेस लावणे ह्या जुन्या चालीही सोडाव्यात. त्यात धातू व विषारी द्रव्ये असतात.

योग्य रीत सोपी आहे. गढूळ डिझेल झाकणाच्या डब्यात आठ दिवस स्थिर ठेवावे. वरचे निवळ डिझेल गाळून पुढच्या धुलाईस घ्यावे. खालचा गाळ व जळके तेल निराळ्या डब्यात साठवून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकास द्यावे. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा ठरलेला आहे. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून गावात एकच पिंप ठेवले तर ते नेण्यास गिऱ्हाईकही मिळते.

असो. २०१९ च्या त्या पेरणीनंतर आमच्या घरी नेम झाला आहे: मिस्त्रीच्या हातून जो भाग सुटतो तो धुऊन, पाहून, वहीत शेरा लिहिल्याशिवाय परत जात नाही. त्या वहीत आजपर्यंत तीन भागांपुढे 'भेग, बाद' असा शेरा पडला आहे आणि सतरा भागांपुढे 'चांगला, ठेवावा'. ज्या सतरा भागांस आम्ही एरवी मोडीत घातले असते, त्यांतील पुष्कळ आज ट्रॅक्टरात फिरत आहेत. आणि जे तीन आम्ही निष्काळजीपणे बसविले असते, ते पेरणीच्या दिवशी आमच्या शेतात मोडले नाहीत. यंदा उन्हाळकामे संपवून ट्रॅक्टर मिस्त्रीकडे जाईल, तेव्हा शेतकरी बंधूंनी एक दिवस अधिक द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.